भाग: शेरूची वाटी आणि आज्जीचा डबा

भवानी पेठेतून बोलतोय, मागे मागांचा खडखडाट ऐकू आला तर समजून घ्या.

आमचा शेरू पाच वर्षांचा, रस्त्यावरून आणलेला, नसबंदी झालेला. मागच्या मे महिन्यात दोन जिने चढला आणि तिथंच बसला. जीभ बाहेर, धाप थांबेना. डॉक्टरांनी वजन केलं, १९ किलो. म्हणाले, "हा १४ चा हवा. गुडघ्यांवर भार येतोय, आणि सोलापूरच्या उन्हात जाड कुत्र्याला लवकर ऊष्माघात होतो." मी गप्प.

घरी येऊन पहिल्यांदा किचनचा काटा काढला. मी रोज 'दोन वाट्या' ड्राय फूड घालायचो. एक वाटी निघाली ११० ग्रॅमची. म्हणजे २२० ग्रॅम, आमच्या पाकिटाच्या हिशोबानं ७७० कॅलरी. वर आज्जीची एक दूध-भाकरी, किमान २००. वर सहा ग्लुकोज बिस्किटं, सव्वाशेच्या आसपास. बेरीज ११०० च्या घरात! आमच्या भाषेत सांगायचं तर तिघं जण एकाच फाईलमध्ये लिहीत होते आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं.

मग लागतं किती? मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. कुत्र्याचं योग्य वजन तीनदा गुणा: १४ × १४ × १४ = २७४४. आता वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, ७.२४ येईल. त्याला ७० नं गुणा: साधारण ५०७. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला याच्या १.६ पट, म्हणजे ८१०. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तिप्पट, नंतर वाढ संपेपर्यंत दुप्पट. वजन उतरवायचं असेल तर एकपट, पण ते डॉक्टरांना विचारूनच. हा आकडा म्हणजे सुरुवात. दर दोन आठवड्यांनी वजन बघून कमी-जास्त करायचं.

वजनकाटा नाही? मग हात फिरवा. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. आणि हो, आपल्याकडचे कारवान, मुधोळ जातीचे कुत्रे मुळात सडपातळच असतात. बरगड्या दिसल्या म्हणून त्यांना 'अशक्त' ठरवून चारू नका.

भाकरी वाईट आहे का? नाही. पण नुसती दूध-भाकरी म्हणजे जेवण नव्हे. प्रथिनं कमी पडतात, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. घरचंच घालायचं असेल तर डॉक्टरांकडून तक्ता करून घ्या. आणि शेंगा चटणी लावलेला तुकडा अजिबात नको, त्यात लसूण असतो. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्यांना विषारी. द्राक्षांच्या सीझनमध्ये टोपली उंचावर ठेवा.

आता खरी अडचण. आज्जी म्हणाली, "मुक्या जिवाला काट्यावर तोलून घालतोस होय रे?" तिला आकडे दाखवून उपयोग नव्हता. ती शेरूला भरवते ते तिचं बोलणं असतं त्याच्याशी. ते बंद कसं करणार?

मग एक छोटा डबा आणला. वरचा खाऊ रोजच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. शेरूचे झाले ५०, म्हणजे पाव भाकरी. सकाळी आज्जीच तिचे बारीक तुकडे करून डब्यात ठेवते. दिवसभर एकेक द्यायचा, डबा संपला की संपलं. बाकी १३० ग्रॅम ड्राय फूड, ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी अर्धं-अर्धं.

सहा महिन्यांनी वजन १५ किलो २००. काल शेरू दोन्ही जिने चढून वर आज्जीची वाट बघत उभा होता. आज्जी खालून ओरडली, "थांब रे, माझे गुडघे अजून तुझ्यासारखे झाले नाहीत!"

तर आजच एक काम करा. तुमची 'एक वाटी' काट्यावर ठेवा आणि आकडा मला कळवा. भेटू पुढच्या भागात!