दोन शेपट्यांचं विमान

आमच्या गटातल्या एक आजी नेहमी सांगायच्या, लहानपणी निंदणी करताना डोक्यावरून दोन शेपट्यांचं विमान जायचं. आम्ही हसायचो. विमानाला कुठं दोन शेपट्या असतात! मग शोधायला बसलो, तर आम्हीच खोटे पडलो.

ते फेअरचाइल्ड पॅकेट. हवाई दलाचं सामान वाहणारं विमान, १९५४ पासून आपल्याकडे. दोन पंखे, मागे खरोखरच दोन लांब शेपट्या आणि मध्ये मालाचा मोठा डबा. लडाखच्या चौक्यांना सामान पोचवायला हे जायचं. तिकडे हवा विरळ, इंजिनांना दम पुरेना. म्हणून त्याच्या पाठीवर आणखी एक जेट इंजिन बसवलं. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी ते दौलत बेग ओल्डीला उतरवलं, सुमारे १६,६०० फुटांवर. दिवाळीत आपण अस्तंभ्याला चढतो ना, त्याच्या जवळजवळ चौपट उंच!

गेल्या बैठकीत आजींना मोबाइलवर फोटो दाखवला. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हेच," म्हणाल्या, "पण ह्याची घरघर कुठंय?"