सणाची कढई आणि सुईदोरा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या माता-भगिनींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या सप्ताहात आपल्या देवालयाच्या इतिहासावर विद्वान वक्त्यांची व्याख्याने आपण ऐकली. मजकडे जो विषय सोपविण्यात आला आहे, तो त्या मानाने अगदी चुलीजवळचा आहे. नाताळच्या दिवसांत घरचा फराळ आणि घरचे शिवणकाम ही दोन्ही कामे, संसाराचा व नोकरीचा व्याप सांभाळून, गृहिणीने कशी पार पाडावी, असा तो विषय. साधा खरा, परंतु क्षुल्लक नव्हे. देवालय दगडाचुन्याने उभे राहते, सण मात्र घराघरांत उभा राहतो. आणि तो उभा करता करता घरातील माउलीच जर थकून आडवी पडत असेल, तर आपल्या सणात काहीतरी चुकते आहे, असे म्हणावे लागेल.

प्रथम आपल्या ताटाकडे पाहू. वसई प्रांत 1534 साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी तो जिंकला. ह्या दोनशे वर्षांच्या सहवासाच्या खुणा आपल्या देवळांत आहेत, तशाच त्या आपल्या भांड्यांतही आहेत. आज जिच्यावाचून आपले कालवण होत नाही ती मिरची पोर्तुगीजांनीच ह्या किनाऱ्यावर आणिली. ज्यास आपण विंदालू म्हणतो, त्याच्या नावात द्राक्षासव व लसूण ह्यांचे पोर्तुगीज शब्द दडलेले आहेत. आपल्या लोकांनी द्राक्षासवाच्या जागी शिरका घातला, मिरची-मसाला घातला, आणि परक्याचा पदार्थ आपलासा केला. नाताळात शेजारीपाजारी जी फराळाची थाळी फिरते, तिला मंगळूरकडे 'कुस्वार' म्हणतात; तो शब्दही नाताळच्या आदल्या रात्रीच्या भोजनाच्या पोर्तुगीज नावावरून आलेला आहे. परंतु त्या थाळीतील करंजी पाहा, तांदळाचे पीठ पाहा, ओला नारळ पाहा: ती आपल्याच मातीची, आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या दिवाळीच्या ताटातील सख्खी बहीण आहे. आपला फराळ असा दोन घरांच्या सोयरिकीतून झालेला आहे, आणि म्हणूनच तो जपण्यासारखा आहे.

तो आपल्या आज्यांनी कसा जपला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. 1917 च्या धर्मसंहितेप्रमाणे नाताळचा आदला दिवस उपवासाचा होता. 1966 साली पोप सहावे पॉल ह्यांनी उपवासाचे नियम बदलले, तोपर्यंत ही शिस्त चालली. म्हणजे त्या दिवशी कढईपुढे बसलेली स्त्री दिवसभर गोड तळीत होती आणि स्वतः उपवासाने होती. तिच्या सोशिकतेपुढे आपण मान लववावी. परंतु एक गोष्ट विसरू नये की ती एकटी नव्हती. जावा, नणंदा, सासू, शेजारीण अशा चार-सहा जणी एका पाटाभोवती बसत. एकीने पीठ मळावे, दुसरीने लाटावे, तिसरीने कातावे, चौथीने तळावे, आणि लेकरांनी मध्येच हात मारावा. काम पुष्कळ होते, पण ते वाटलेले होते.

आज काय झाले आहे? 1936 साली विजेची आगगाडी विरारपर्यंत आली. वाडीतील केळी, फुले व भाजी ह्यांवर चालणारे संसार हळूहळू मुंबईच्या पगारावर चालू लागले. आज आपल्या कित्येक भगिनी भल्या पहाटे लोकल गाठतात आणि दिवेलागणीनंतर घरी परततात. एकत्र कुटुंबे पांगली. पाटाभोवतीच्या सहा जणींची एक झाली. परंतु थाळीतील जिन्नस मात्र आठाचे आठच राहिले! सहा जणींचे काम एकीने करावे, तेही नोकरी करून, आणि वर हसतमुखाने करावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची? मध्यरात्रीच्या मिस्सेला ही बाई बाकावर बसते आणि ग्लोरियाच्या घंटा वाजत असता तिचे डोळे मिटतात. ज्या बाळासाठी तिने एवढे केले, त्याच्या गव्हाणीपुढे उभे राहावयास तिच्या अंगात त्राण उरत नाही. मार्था व मरिया ह्या दोघी बहिणींची शुभवर्तमानातील कथा आपण जाणतो. प्रभूने मार्थेच्या स्वयंपाकास नावे ठेविली नाहीत; तिच्या चित्ताच्या ओढाताणीकडे बोट दाखविले. तेच बोट आज आपल्याकडे वळलेले आहे.

तर मग उपाय कोणता? फराळच टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. मी तीन गोष्टी सुचविते: निवड, क्रम आणि वाटणी.

निवड म्हणजे प्रत्येक घराने आपल्या हाताला बसलेले दोन किंवा तीनच पदार्थ करावेत. एकीच्या करंज्या खुसखुशीत होतात, दुसरीचे कलकल सुबक होतात, तिसरीच्या हातचे फुगे हलके होतात. आळीतील चार घरांनी आगमनकाळापूर्वीच बोलून ठेवावे आणि आपापल्या पदार्थांची अदलाबदल करावी. थाळी पूर्वीसारखीच भरते, आणि एकाही घरी आठ कढया चढत नाहीत.

क्रम म्हणजे कोणते काम केव्हा, हे आधी ठरविणे. ह्या बाबतीत आपला बाटलीतला मसालाच आपला गुरू होय. तो आपण उन्हाळ्यात वाळवितो, कांडतो, आणि गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरून ठेवितो. म्हणजे नाताळच्या कालवणाचा आरंभ वैशाखातच होतो. हीच दृष्टी फराळास लावावी. केकसाठी मनुका, बेदाणे व सुकी फळे नोव्हेंबरातच रममध्ये भिजत घालावीत. मद्य व साखर ह्यांमुळे ती नासत नाहीत, उलट मुरतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोरडे जिन्नस करावेत: कलकल, शंकरपाळे, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या. ओल्या नारळात पाण्याचा अंश असल्यामुळे त्याचे सारण दोन-तीन दिवसांत आंबते. यास्तव ओल्या नारळाचे पदार्थ अगदी शेवटी करावेत. विंदालू मात्र एक दिवस आधीच शिजवून ठेवावे. शिरक्यामुळे ते टिकते आणि दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागते. फुग्यांचे पीठ पूर्वी ताडीने फुगवीत, आता यीस्टने फुगविता येते. ते त्याच दिवशी तळावेत, कारण शिळ्या फुग्यात गोडी राहत नाही.

तळणीविषयी एक-दोन गोष्टी नव्या सुनांसाठी सांगते. पिठाचा लहान गोळा तेलात टाकून पाहावा. तो तळाशीच बसला तर तेल थंड आहे, आणि वर येता क्षणीच काळवंडला तर फार तापले आहे. कढईत एकदम पुष्कळ जिन्नस सोडू नयेत, त्यामुळे तेल निवते आणि पदार्थ तेल पितात. आणि तळलेले जिन्नस पुरते गार झाल्यावाचून डब्यात भरू नयेत. आत वाफ धरते व आठवड्याची मेहनत एका रात्रीत मऊ पडते.

आता सुईदोऱ्याकडे वळू. शिवण आधी आणि तळण मागून, हा नियम पाळावा. तेलाचे हात व पांढरे कापड ह्यांचे कधी जमलेले नाही. नोव्हेंबरात कापड आणावे. कोरे सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, कारण ते पहिल्या धुण्यात आटते, आणि नाताळात अंगास बरोबर बसलेला झगा तीन राजांच्या सणापर्यंत घट्ट होतो. कापडाचा उभा धागा पाहून बेतावे. वाढत्या मुलीच्या झग्यास खाली तीन बोटे दुमड ठेवून हाताने तुरपाई करावी. पुढील वर्षी ती उसविली की तोच झगा आणखी एक सण काढतो. थोरल्याचा सदरा धाकट्यास करताना कॉलर उलटून लावावी, म्हणजे झिजलेली बाजू आत जाते. आजीचे जुने लाल लुगडे फेकू नये. त्याची घडी गोधडीत घातली, तर नातवाच्या पाठीवर तिचाच हात फिरल्यासारखा होतो.

कोणी म्हणेल, बाजारात तयार कपडे स्वस्त मिळतात, मग हा खटाटोप कशाला? ज्यांस वेळ नाही त्यांनी अवश्य विकत घ्यावेत. त्यात काही उणेपणा नाही. परंतु शिवणयंत्र घरात असून धूळ खात पडले असेल, तर त्याची योग्यता जाणावी. यंत्रांविषयी कठोर मत बाळगणाऱ्या महात्मा गांधींनी 1924 साली ह्या एका यंत्राचा अपवाद केला होता, कारण पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट वाचावेत ह्या प्रेमातून सिंगरने ते निर्माण केले, अशी त्यांची समजूत होती. कष्ट वाचविण्यासाठी जन्मास आलेले यंत्र आपल्याच घरी कष्टाचे कारण होऊ नये. एका वर्षी एकच वस्त्र शिवावे: एक झगा, एक सदरा, वा उशीचे दोन अभ्रे. पण ते मुलांना जवळ बसवून शिवावे. मुलीला व मुलालाही धावदोरा, तुरपाई आणि बटण लावणे एवढे तरी आले पाहिजे. ज्यास स्वतःचे बटण लाविता येत नाही, त्याचे शिक्षण अपुरे आहे, मग त्याच्या पदव्या कितीही असोत.

शिवणाचे आणखी एक मोल आहे. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथात यापो नगरातील टबीथेची कथा आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्रापुढे उभ्या राहिल्या, आणि तिने त्यांच्यासाठी शिवलेले कपडे त्यांनी त्यास दाखविले. तिचे दुसरे कोणतेही भाषण वा पराक्रम तेथे नोंदलेला नाही. तिची साक्ष तिच्या टाक्यांनी दिली. आपण जे एक वस्त्र शिवू, त्याच मापाचे दुसरे गरजूच्या लेकरासाठी शिवावे. बेतलेले कापड समोर असताना दुसऱ्यास वेळ थोडाच लागतो. तद्वत, ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला आहे आणि कढई चढलेली नाही, तेथे पहिली थाळी जावी. आपल्या घरी पाहुणे येण्यापूर्वी जावी.

आता तिसरी गोष्ट, वाटणी. आणि येथे मी दाराशी उभ्या असलेल्या बंधुजनांकडे वळते. कलकल वळणे हे काट्याच्या वा नव्या फणीच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळण्याचे काम आहे. त्यास स्त्रीचाच हात लागतो, असे कोठे लिहिलेले नाही. नारळ खवणे, पीठ मळणे, डबे उतरविणे, कढई घासणे, ही कामे बळाची आहेत, आणि बळाचा अभिमान तर आपणच बाळगता! आपले वाडवडील वाडीत पाणी शिंपीत, पाटीभर भाजी डोक्यावर नेत. त्यांच्या नातवास ताटे उचलण्यात लाज वाटू नये. नाझरेथच्या घरातही एक सुतार होता, आणि त्याने आपले हात बाजूस ठेविले असतील, असे माझ्याने मानवत नाही.

वाटणीत पैशाचीही वाटणी येते. ज्या घरी वेळ नाही, त्यांनी फराळ विकत घ्यावा. पण तो शक्यतो आपल्याच धर्मग्रामातील अशा भगिनीकडून घ्यावा, जिचा संसार त्या चार डब्यांवर चालतो. तिच्याशी भावात घासाघीस करू नये. दुकानात आपण छापील किंमत मुकाट्याने देतो, मग घरच्या बाईच्या रात्रीच्या जागरणाचीच किंमत तेवढी जड का वाटावी? शिंप्याची मजुरी नाताळपूर्वी चुकती करावी. त्याच्याही घरी सण असतो किंवा पोट तरी असतेच.

शेवटी एक गोष्ट सांगते. सगळे चोवीस तारखेच्या रात्रीपूर्वीच झाले पाहिजे, हा आपणच घालून घेतलेला जाच आहे. नाताळ हा एक दिवस नव्हे, तो ख्रिस्तसभेचा काळ आहे. तो पंचवीस तारखेस आरंभतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. करंज्या सत्तावीस तारखेस तळल्या तरी त्या नाताळच्याच करंज्या. पाहुण्यांस नववर्षानंतर बोलाविले तरी ते नाताळचेच पाहुणे. आणि पहिल्या नाताळाचे स्मरण करा. त्या रात्री बेथलेहेमात फराळ नव्हता, पाहुण्यांसाठी आसन नव्हते. होते ते एका आईने गुंडाळलेले कापड, आणि जवळ बसलेला तिचा पती. म्हणजे सणाला जे खरोखर लागते ते प्रत्येक घरी आधीच आहे. बाकीचे सारे आपल्या आनंदाने घातलेली भर आहे, आणि भर ही ओझे होता कामा नये.

ह्या महोत्सवाची आठवण म्हणून आपण देवालयास नवी घंटा वा नवे झुंबर देऊ, ते योग्यच आहे. त्याबरोबर प्रत्येक घराने आणखी एक देणगी द्यावी, अशी माझी विनंती आहे: येत्या नाताळच्या मध्यरात्री आपल्या घरची आई मिस्सेत जागी असावी, आणि ताज्या मनाने गाणारी असावी. ही देणगी कोणत्याही पावतीपुस्तकात लिहिली जाणार नाही, पण ती ज्याच्यासाठी आहे त्यास ती पोहोचेल.

 परमेश्वर आपल्या घरांस, चुलींस आणि हातांस आशीर्वाद देवो.