प्राध्यापक देवधर आणि त्यांच्या तीन लेकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘एक आदर्श गृहस्थ’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही वक्ती नव्हे. व्यासपीठापेक्षा ओट्यापाशी माझी जीभ अधिक चालते, हे आपण सगळ्याजणी जाणताच. तरी आज बोलते, कारण या विषयापायी मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे.

ज्यांच्याविषयी बोलणार ते पुण्याचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. १४ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस, साल १८९२. बहुतेक वर्षी याच दिवशी आपण संक्रांतीचा तिळगूळ वाटतो, म्हणजे तारीख लक्षात ठेवायला आपल्याला सोपी. पेशाने ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. सकाळी मुलांना व्याकरण आणि काव्य समजावून सांगणारा हा माणूस मैदानावर उतरला की बॅट हातात घेऊन उभा राही, तो लवकर हलत नसे. १९११ सालापासून ते मोठे सामने खेळू लागले आणि १९४०चे दशक अर्धे उलटेपर्यंत खेळत राहिले. मध्ये दोन महायुद्धे होऊन गेली!

१९२६ साली ऑर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली विलायतेचा एम.सी.सी.चा संघ आपल्याकडे आला. त्या संघाविरुद्ध मुंबईत अखिल भारताच्या संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. त्याच दौऱ्यात सी. के. नायडूंनीही दीडशेच्या वर धावा केल्या होत्या. आपली मुले गोऱ्यांच्या तोडीची खेळतात, हे त्या खेळांनी सगळ्यांना पटले. पुढे १९२८ साली आपले क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला.

त्या संघात मात्र देवधर नव्हते. तेव्हा त्यांना चाळीस वर्षे पूर्ण झाली होती. ज्या दारापर्यंत वाट करून देण्यात आपला हात लागला, त्या दारातून दुसरे आत गेलेले पाहायचे! आपल्यापैकी कितीजणींनी हे सोसले असेल. जावेच्या मुलाच्या मुंजीत राबायचे आपण आणि मिरवायचे दुसऱ्यांनी. अशा वेळी माणूस एकतर कडवट होतो, नाहीतर अंथरूण धरतो. देवधरांनी बॅट खाली ठेवली नाही. त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. विजय हजारे यांच्यासारखे तरुण त्या संघात होते. मुंबईविरुद्ध देवधरांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. आणि १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १०५ आणि १४१. आपल्याकडे बावन्नाव्या वर्षी माणूस जिना चढताना कठड्याला धरतो.

पण भगिनींनो, एवढ्यासाठी मी त्यांना आदर्श गृहस्थ म्हणत नाही. शतके काढणारे पुष्कळ झाले. मी म्हणते ते त्यांच्या मुलींमुळे.

देवधरांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही लेकी बॅडमिंटन खेळल्या आणि १९४०च्या दशकात राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांनी आपल्या घरी आणली. तो काळ आठवा. वयात आलेली मुलगी अंगणाबाहेर दिसली तरी शेजारणी कुजबुजायच्या. तेव्हा एका घरातल्या एक नव्हे, तीन मुली परगावी जाऊन देशभरच्या स्पर्धा खेळतात आणि जिंकतात, हे घरच्यांच्या होकारावाचून व्हायचे नाही. खेळाचा छंद पुष्कळ बापांना असतो. पण तो छंद मुलांच्या पदरात पडतो आणि मुलींच्या हाती पोळपाट येतो. या घरी तसे झाले नाही. स्वतःला जे गोड लागले ते त्यांनी मुलींच्याही ताटात वाढले. गृहस्थाची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

आता माझी गोष्ट सांगते.

माझी धाकटी शाळेत असताना बॅडमिंटन खेळायची. पिसांच्या फुलाला मारलेला तिचा फटका असा बसायचा, की इमारतीतली मुले तिच्या बाजूने खेळायला भांडायची. नववीची परीक्षा झाली आणि मी म्हटले, “पुरे आता. पुढचे वर्ष दहावीचे.” ते कारण खरे होते, पण अर्धेच. उरलेले अर्धे असे, की संध्याकाळी जिन्यात उभ्या असलेल्या बायका काय म्हणतील याची मला धास्ती होती. तिची रॅकेट मी माळ्यावर टाकली. तिच्या थोरल्या भावाची बॅट मात्र त्याच्या दहावीत दाराआडच उभी होती. ती उचलावी, असे माझ्या मनातही आले नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती रॅकेट सापडली. तारा तुटल्या होत्या, मुठीचा पट्टा हाताला चिकटत होता. मुलगी माहेरपणाला आली होती. मी सहज म्हटले, “किती छान खेळायचीस ग! का सोडलेस?” तिने रॅकेटवरची धूळ पुसली आणि शांतपणे म्हणाली, “आई, मी सोडले नव्हते. तू उचलून ठेवलेस.”

त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. ती रागावली असती तर बरे वाटले असते.

भगिनींनो, आपण शीळफाट्याला राहतो. कल्याणचा, मुंब्रा-पनवेलचा आणि महापेचा रस्ता येथे एकत्र येतो. दिवसभर अवजड गाड्या धावत असतात. पूर्वी जेथे भातखाचरे होती तेथे इमारती उभ्या राहिल्या. मुलींना खेळायला मैदान कोठे आहे, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण मुलगे जागा शोधतातच ना? दोन मोटारींच्या मधल्या जागेतही त्यांचा डाव रंगतो. मुलींना जागा हवी, तशी आईची परवानगीही हवी. जागा मिळायला वेळ लागेल; परवानगी आज देता येईल.

म्हणून माझी एक सूचना आहे. दर शनिवारी संध्याकाळी दीड तास आपल्या सभागृहासमोरची जागा मोकळी ठेवू या. एक जाळे आणि चार रॅकेट एवढाच खर्च. त्यातली पहिली रॅकेट मी देते. जुन्या रॅकेटला नव्या तारा बसवून घेतल्या आहेत. पाळीपाळीने दोघीजणी देखरेखीला बसू, म्हणजे कोणाच्या घरी काळजी नको. आणि बसल्या बसल्या आपल्यालाही दोन हात मारावेसे वाटले तर लाजू नये. बावन्नाव्या वर्षाचा दाखला मी आत्ताच दिला आहे!

देवधरांना १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्या नावाने १९७३-७४ पासून क्रिकेटचा करंडक सुरू झाला. शंभरी ओलांडून, वयाच्या १०१ व्या वर्षी, २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते पुण्यात निवर्तले. हे सारे मान मोठेच. पण मला विचाराल तर त्या घरातून रॅकेट घेऊन बाहेर पडलेल्या तीन मुली हा त्यांचा सर्वांत मोठा मान.

माझी नात सात वर्षांची आहे. येत्या शनिवारी ती येईल. आपणही आपल्या लेकींना पाठवा.