आकड्याला माहेर विचारा
(कुलवृत्तांत अभ्यासकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



कुलवृत्तांताचं काम करणाऱ्याला आजवर सनदा, इनामाचे कागद, तीर्थोपाध्यांच्या वह्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण एवढीच साधनं होती. आता त्यांत थुंकीच्या नळीची भर पडली आहे. परदेशातला नातू डीएनए चाचणी करतो, जुळलेल्या माणसांची यादी त्याच्या हाती येते आणि "हे आपले कोण?" असा फोन इकडे येतो. त्या फोनला जबाबदारीनं उत्तर कसं द्यायचं, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

माझ्या वाट्याला आलेला आकडा होता 318 सेंटीमॉर्गन. दोन माणसांत समान निघालेला डीएनए या मापानं मोजतात. समोरचे गृहस्थ आमच्याच कुळातले, बडोद्याच्या शाखेचे. छापील कुलवृत्तांताप्रमाणे आमचे खापरपणजोबा एक. ब्लेन बेटिंगर यांनी हजारो लोकांकडून प्रत्यक्ष आकडे गोळा करून एक तक्ता केला आहे. त्याच्या 2020 च्या आवृत्तीत आजी-आजोबा एक असलेल्या भावंडांची सरासरी 866 आहे, पणजी-पणजोबा एक असले तर 229, आणि त्याच्या मागची पिढी एक असली तर 73. या शेवटच्या नात्यात आकडा 234 च्या पुढे सहसा जात नाही. आमचा 318!

घरात कुजबुज सुरू झाली. कुणाच्या तरी पितृत्वावर शंका घेण्यापर्यंत मजल गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ज्यांच्याविषयी हे बोललं जात होतं त्यांतलं कुणीच उत्तर द्यायला हयात नव्हतं.

उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरात. आमच्याकडे आजीचा एक पितळी डबा आहे. त्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिच्या वडिलांचं नाव आणि गाव घातलेलं आहे. मी बडोद्याच्या गृहस्थांना त्यांच्या घरातल्या जुन्या भांड्यांचे फोटो पाठवायला सांगितले. त्यांच्या आजीच्या तांब्यावर तेच नाव, तेच गाव. दोन चुलत भावांच्या घरी दोन सख्ख्या बहिणी दिल्या होत्या. कुलवृत्तांतात दोघींची सासरची नावं तेवढी छापलेली, लग्नात नाव बदललेलं, माहेरचा रकाना रिकामा. म्हणजे आमचं कुळातलं नातं चार पिढ्या मागचं, पण आज्यांच्या माहेरून ते एका पिढीनं जवळचं. 73 आणि 229 यांची बेरीज 302. आमचा आकडा तिला लागूनच होता.

भांड्यावरचं नाव एकट्यानं पुरावा होत नाही. म्हणून आजीच्या भावाच्या नातीला चाचणीची विनंती केली. तिचा डीएनए आम्हा दोघांशीही जुळला, आणि एका गुणसूत्राच्या मोठ्या सलग तुकड्यावर आम्ही तिघंही एकाच जागी जुळलो. मग मी तो रकाना भरला.

चुलत, आते, मामे, मावस असे चार शब्द आपल्याकडे आहेत. आकड्याला त्यांतला एकही ठाऊक नाही. नातं कोणत्या बाजूनं आलं हे कळायला, आपल्या दोघांशीही आणखी कोण जुळतं ती यादी घेऊन बसावं लागतं. त्यातून आपल्याकडची नाती एकमेकींत गुंतलेली. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामेबहिणीशी लग्न पसंत केलं जातं, याची चर्चा इरावती कर्वे यांनी 1953 मध्येच आपल्या ग्रंथात केली होती. अशा जोडप्याच्या मुलाला आठ नव्हे, सहाच पणजोबा-पणज्या असतात, आणि त्या बाजूच्या नातेवाइकांशी त्याचा आकडा फुगतो. जातीतल्या जातीत पिढ्यानपिढ्या झालेल्या लग्नांचा परिणाम त्याहून मोठा. 'नेचर जेनेटिक्स'मध्ये 2017 साली आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले 260 हून अधिक समाज तपासले होते. त्यांतले 81 समाज इतक्या मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले निघाले, की फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यूही त्या बाबतीत मागे पडले. तेव्हा आठ-दहा सेंटीमॉर्गनचे बारीक तुकडे जोडून कुणाला जवळचा भाऊ ठरवू नका. सर्वांत लांब सलग तुकडा केवढा, ते आधी पाहा. सातच्या खालचे तुकडे तर मी हिशेबात धरतच नाही, कारण त्यांतले पुष्कळ निव्वळ योगायोगानं जुळलेले दिसतात.

आणि जुळलं नाही म्हणून वंशावळीवर काट मारू नका. खापरपणजोबा एक असलेल्या साधारण दहांतल्या एका जोडीत समान डीएनए सापडतच नाही. आणखी एक पिढी मागे गेलं की निम्म्या जोड्यांत सापडत नाही. पणजोबा एक असूनही शून्य आलं, तर मात्र कागद पुन्हा तपासायलाच हवेत. असा निकाल संमेलनात किंवा कुळाच्या व्हॉट्सअॅप गटावर सांगायचा नसतो. आधी त्या कुटुंबाला एकांतात विचारा: तुम्हाला हे जाणून घ्यायचं आहे का?

एक गोष्ट मला आपल्या सर्वांच्या वतीनं कबूल करायची आहे. लेक सासरी गेली की आपल्या ग्रंथांतली तिची नोंद थांबते, आणि सून आली की तिचं माहेर गळतं. आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकाचंच आडनाव आपण लावतो. उरलेल्या सात जणांचा डीएनएही आपल्या अंगात आहे, आणि त्यांच्याविषयी आपले ग्रंथ जवळजवळ गप्प आहेत. हा त्या बायकांवर अन्याय आहे, आणि अभ्यासक म्हणून आपला दोषही.

म्हणून आपापल्या कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक सुनेची दोन्ही नावं, तिच्या आईवडिलांची नावं आणि गाव छापा, आणि लेकींच्या मुलांना जागा द्या. चाचणीचा खर्च नंतर करता येईल. आज घरी गेलात की माळ्यावरची भांडी खाली काढा, त्यांच्यावरची नावं उतरवून घ्या, आणि घरात जी सर्वांत वयस्कर मावशी किंवा आत्या असेल तिला याच आठवड्यात भेटा.