पोचपावती कोणी द्यायची?

(मल्लेश्वरम, बेंगळुरू येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय नाजूक आहे. देव मानणारे आणि न मानणारे दोघेही या सभेत बसले आहेत आणि दोघांची वर्गणी सारखीच आहे. कोणाची श्रद्धा काढून घेण्यासाठी आम्ही उभे नाही. प्रश्न एवढाच, की पुरावा कशाला म्हणायचे?

उदाहरण इथलेच घेऊ. काडु मल्लेश्वराच्या देवस्थानाला शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी गाव इनाम दिल्याचे १६६९ सालचा शिलालेख सांगतो. हे आपण मानतो, कारण दगडावरची अक्षरे कोणालाही वाचता येतात.

देवळासमोरच नंदीतीर्थ आहे. १९९७ साली खोदकाम झाले तेव्हा ते उजेडात आले. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खाली शिवलिंगावर पडते. हे पाणी कुठून येते? कोणी जवळच्या सँकी तलावाचे नाव घेतो, कोणी देवाची कृपा म्हणतो. भक्ताने नुसते हात जोडले तर पुरावा मागण्याचे कारणच नाही. पण 'हे पाणी चमत्काराने येते' म्हटले की तो दावा झाला. 'तलावातून येते' हाही दावाच. दोघांना कसोटी एकच: दोन्हीकडचे पाणी तपासून क्षार ताडून पाहा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात धार मोजा, वर निरुपद्रवी रंग सोडून तो खाली उतरतो का पाहा. तोवर 'ठाऊक नाही' म्हणावे. ठाऊक नाही, म्हणून चमत्कार, हा हिशेब जुळत नाही.

रंगाची ही युक्ती देशाने पाहिलेली आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून गावोगाव रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढले गेलेले दूध मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दिसले.

याच शहरात डॉ. एच. नरसिंहय्या होऊन गेले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, गांधीवादी, साधे राहणारे. बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांनी १९७६ साली चमत्कारांची तपासणी करणारी समिती नेमली. सत्य साईबाबांना पत्रे लिहून, तपासणीच्या अटी पाळून चमत्कार दाखवण्याचे आवाहन केले. बाबांनी ते स्वीकारले नाही. अध्यात्म इंद्रियांच्या पलीकडचे आहे, अशी त्यांची बाजू होती. आम्ही म्हणतो, पलीकडचे असेल तर तिथे विज्ञानाने बोलू नये. पण हवेतून अंगठी काढली, तर ती अंगठी डोळ्यांना दिसते. ती इंद्रियांच्या अलीकडचीच झाली.

पुरावा कोणी द्यायचा, हे तुम्हाला शिकवायला नको. पत्र पोचले म्हणणाऱ्याकडे पोचपावती मागतात. 'पोचले नाही हे तुम्ही सिद्ध करा' असे कोणी म्हणत नाही. एकेरी मार्गावर 'पुढे गाडी नसावी' अशा भरवशावर स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही. लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय सिग्नल पडत नाही. हा कोणावरचा अविश्वास नव्हे, प्रवाशांच्या जिवाची काळजी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. अपघातात आपला गँगमन गेला की कोणीतरी म्हणतो, 'त्याची वेळ भरली होती.' घरच्यांनी दुःखात तसे म्हटले तर आम्ही मान खाली घालून ऐकू. पण साहेबाने चौकशीत तसे म्हटले तर ऐकून घेणार नाही. ड्यूटी किती तासांची होती, लुकआउटला माणूस होता का, गाडीची सूचना मिळाली होती का, हे विचारावेच लागेल. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, तो याचसाठी. ज्याची चूक असू शकते, त्यानेच निकाल देऊ नये.

हा नियम आपल्यालाही लागू आहे. युनियनच्या मागणीपत्रात आकडा घातला तर त्याचा कागद आपल्याजवळ हवा. आणि सभेनंतर कोणी नंदीतीर्थावर निघाला तर त्याची थट्टा करू नका. त्याच्यासोबत जा, धार पाहा, आणि परतताना ती कशी मोजता येईल ते दोघे मिळून बोला.