खुराडं कुणाचं, अंगण कुणाचं?

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात यशाच्या गोष्टी सांगायची आपल्याकडे रीत आहे. मी आज फसलेल्या कामाची हकीकत सांगणार आहे. अकोले तालुक्यातल्या एका वाडीत, आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या परसात आम्ही वीस कोंबड्यांचं खुराडं बांधायला घेतलं. ते तीनदा बिघडलं.

पहिली चूक माझी. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. आराखडा मीच काढला. एका पक्ष्याला दोन चौरस फूट, म्हणजे चाळीस चौरस फूट जागा. हिशेब बरोबर होता. पण दार आणि जाळी मी पश्चिमेला ठेवली. का? तर तिकडे रस्ता आहे, पाहुणे आले की काम नजरेत भरेल! मैत्रिणीची सासू तेव्हाच म्हणाली होती, "ताई, पाऊस तिकडनंच येतो." मी ऐकलं आणि सोडून दिलं. जूनच्या अखेरीस झड सुरू झाली. खाली अंथरलेला भाताचा तूस भिजला, वासाने डोळे चुरचुरायला लागले. ओल्या तुसात रोग बळावतो. रक्ताची हगवण लागली आणि सात पिल्लं गेली. ती पिल्लं गटाच्या कर्जातली होती. हप्ता मात्र त्या बाईच्या डोक्यावर राहिला, माझ्या नाही. हे मी विसरू शकत नाही.

मग दार फिरवलं, पश्चिमेला कारवीचा कुड घालून शेणाने सारवला. तोवर मुंगूस आलं. जाळी नुसती जमिनीला टेकवलेली होती, ते खालून उकरून आत शिरलं आणि चार तलंगा मारल्या. पुढे आम्ही दीड फूट चर खणून जाळी आत पुरली आणि दगड भरले. दगड वाहिले बायकांनीच. ही युक्ती शेजारच्या मावशींची, माझ्या पुस्तकातली नव्हे.

तिसऱ्या वेळी मात्र पाऊसही नव्हता आणि मुंगूसही नव्हतं. एका संध्याकाळी दिराने खुराड्याचे खांब उपटले. "अंगण माझ्या बापाचं आहे," म्हणाला. नवरा उंबऱ्यात उभा राहून बघत होता. चार वर्षं ती बाई त्या अंगणात झाडलोट करते, सडा घालते, धान्य वाळवते. तेव्हा अंगण कुणाचं हा प्रश्न कुणाला पडला नाही. तिच्या हातात अंड्यांचे पैसे यायची वेळ आली, तेव्हाच पडला.

आम्ही ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना ८ चा उतारा काढला. त्यावर अजून वारलेल्या सासऱ्यांचंच नाव. नवऱ्याच्या घराला बायकोचंही नाव लागावं म्हणून सरकारने २००३ साली निर्णय केला, हे आपण सभांमधून सांगतो. पण इथे घर नवऱ्याच्याच नावावर नाही, तर बायकोचं नाव लागणार कशावर? आधी वारसांची नोंद, मग पुढचं. शिबिरात हे मी कधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच कधी अडलं नव्हतं.

वाट काढली सासूने. दुसऱ्या दिवशी ती अंगणात येऊन बसली आणि लेकाला म्हणाली, "या घराच्या भिंती मी लिंपल्या. खुराडं इथंच राहील." त्याच खांबांवर खुराडं पुन्हा उभं राहिलं. दीर अजून बोलत नाही.

आज तिथे अकरा कोंबड्या आहेत. मानमोडीची लस आम्ही वाडीतल्या सगळ्याजणी मिळून आणतो. एका कुपीत शंभरावर डोस असतात आणि एकदा कालवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. एकटीला ते परवडत नाही. अंड्यांचे पैसे तिच्या स्वतःच्या पासबुकात जातात. वारसनोंदीचा अर्ज अजून पडून आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा दिसली. कोंबड्यांचं पाणी आणि खुराड्याची सफाई घरातल्या आठवीतल्या मुलीवर आली होती. तिची शाळा बुडायला लागली होती. आईचं उत्पन्न लेकीच्या शाळेतून वसूल होणार असेल, तर त्याला सबलीकरण कसं म्हणायचं? आता सकाळची सफाई नवरा करतो. रोज नाही, पण करतो.

म्हणून एवढंच मागणं आहे. पुढच्या बैठकीला कर्जाच्या अर्जाबरोबर प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा घेऊन यावा. कोंबडी, शेळी, शिलाई मशीन, काहीही घ्या. ते ज्या जमिनीवर उभं राहणार, तिथे नाव कुणाचं आहे ते आधी वाचू या. आणि माझ्यासारख्या शिकलेल्या ताईने आराखडा काढला, तर पाऊस कुठून येतो ते तिला दोनदा सांगा. एकदा सांगून आम्हाला कळत नाही.