वाड्यातली खोली आणि भिंतीची ओल

मागच्या भागात म्हटलं होतं ना, घर बदललंय. अकोल्याहून अमरावतीत आलो, परकोटात, अंबागेटच्या आत. पेंढाऱ्यांपासून शहर वाचवायला हा परकोट बांधला. आता आतले जुने वाडे पाडून फ्लॅट होतायत. आमच्या घरमालक काकाजींनी वाडा ठेवला, तळमजल्याच्या दोन खोल्या नव्या केल्या. टाईल्स, गिझर, वायफाय. मी फोटो पाहूनच डिपॉझिट दिलं!

मे महिना झकास गेला. जाड भिंती, कूलर फक्त दुपारी. जुलैत कपाटामागची भिंत फुगली. हात लावला तर पोपडाच हातात. गवंडी म्हणाला, "भाऊ, भिंत पांढऱ्या मातीची, वरून शिमिटाचं प्लास्टर. ओल बाहेर कशी येईन?" माती ओल घेते तशी सोडतेही. सिमेंट तिला कोंडतं, वरून ऑइलपेंट. उपाय काय, तर प्लास्टर खरवडून चुन्याचा गिलावा. पण खर्च कोणाचा?

काकाजी म्हणाले, "अर्धा तुझा." आमचं सगळं तोंडीच ठरलेलं. मग वाचायला बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. हे सांगितलं तर काकाजी दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चाल, करून टाकू." नोंदणी ऑनलाइन झाली. दुरुस्ती त्यांच्याकडे, भाडं पाचशेनं वर. मला परवडलं.

गिलावा दिवाळीनंतर, भिंत वाळली की. तोवर लॅपटॉपचं टेबल भिंतीपासून हातभर लांब.